प्रकाशाचा वेग सगळीकडे सारखाच असतो, हे कुणी जाऊन पाहिलं?

कोलशेतची_गच्ची | १८ जानेवारी २०२६, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

काल रात्री लेकीला (इयत्ता आठवी) घेऊन सोसायटीच्या गच्चीवर गेलो होतो. गुरू मिथुनेत, पुनर्वसूच्या जोडीजवळ लखलखत होता. बायनॉक्युलर कठड्यावर टेकवून बघितलं तर त्याचे तीन चंद्र ओळीत दिसले. मी तिला म्हटलं, हा आत्ताचा गुरू नाही, पस्तीस मिनिटांपूर्वीचा आहे. तिनं विचारलं, कशावरून? मी म्हटलं, अंतर भागिले वेग. त्यावर ती म्हणाली, "वेग तर आपण इथे पृथ्वीवर मोजला ना बाबा? मधल्या जागेत तो तेवढाच असतो हे कुणी जाऊन पाहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही आणि रात्रभर तोच विचार. प्रकाश पाण्यात सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर जातो, काचेत दोन लाख, पोकळीत तीन लाखांना थोडा कमी. जागा बदलली की वेग बदलतो हे आपण शाळेतच शिकलो. मग 'पोकळी' ही एकाच प्रतीची वस्तू आहे, सूर्याजवळही तीच आणि दोन दीर्घिकांच्या मधल्या ओसाड पट्ट्यातही तीच, हे कशाच्या आधारावर? घोडबंदर रोडला रात्री दोन वाजता गाडी कुठे किती पळते हे बघून कुणी सकाळी नऊचं गणित मांडत नाही.

समजा वेग जागेप्रमाणे थोडा जरी बदलत असेल, तर लांबच्या दीर्घिकांची अंतरं चुकली. अंतरं चुकली तर विश्वाचं १३८० कोटी वर्षं हे वयही चुकलं. मी कॉमर्सचा माणूस. पण ताळेबंदात एक गृहीत चुकलं की खालची सगळी बेरीज कशी सरकते हे मला रोज दिसतं. जाणकारांनी सांगावं. लेकीला उत्तर द्यायचं आहे.

मिसळ_जास्त_तिखट | ९:५२

जागा धरून ठेवतो. चहा ठेवलाय गॅसवर.

नेरूळच्या_बाई | १०:३०

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलं, हा प्रश्न मला वर्गात दोनदाच आला.

गंमत अशी की तुम्ही काल जे पाहत होता, त्याच गुरूनं याचं पहिलं उत्तर दिलं. १६७६ मध्ये ओले रोमर हा डॅनिश खगोलविद पॅरिसच्या वेधशाळेत होता. गुरूचा सर्वात आतला मोठा चंद्र आयो साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि दर फेरीला गुरूच्या सावलीत शिरतो. ग्रहणांचं वेळापत्रक मांडता येतं. पण पृथ्वी गुरूपासून लांब जायला लागली की ग्रहणं उशिरा दिसायची, जवळ येऊ लागली की लवकर. रोमरनं ओळखलं की आयो वेळेवरच आहे, बातमी उशिरा पोचते आहे. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला बावीस मिनिटं लागतात असा त्याचा अंदाज होता. खरा आकडा सुमारे साडेसोळा मिनिटांचा आहे. म्हणजे पृथ्वीवर वेग मोजण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी तो *मधल्या जागेतच* मोजला गेला. पृथ्वीवरचं पहिलं नीट मापन फिझोचं, १८४९ मधलं, दातेरी चाकाचं.

नंतर १७२८ मध्ये जेम्स ब्रॅडलीला दिसलं की तारे वर्षभरात आपल्या जागेवरून विसेक विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हलतात. पावसात उभं असताना छत्री सरळ धरतो आणि ट्रेन पकडायला धावताना पुढे कलती करतो, तसं पृथ्वी धावते म्हणून दुर्बीण थोडी कलती धरावी लागते. किती कलती, हे पृथ्वीचा वेग आणि प्रकाशाचा वेग यांच्या गुणोत्तरावर ठरतं. ताऱ्याचं अंतर काहीही असो, या हलण्याचा आवाका तोच येतो.

कोलशेतची_गच्ची | १०:५८

बाई, मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. तिची शंका: छत्रीचा कल तर पाऊस *माझ्यापाशी* किती वेगानं पडतो त्यावर ठरतो. वर ढगाजवळ तो कसा पडत होता ते छत्रीला कुठे कळतं?

नेरूळच्या_बाई | ११:०५

बरोबर आहे तिचं. ब्रॅडलीचा कोन प्रकाश इथे पोचतानाच्या वेगाबद्दल बोलतो, वाटेतल्या नाही. रोमरचं मात्र वाटेबद्दल आहे.

पट्टीचा_पोहणारा | ११:२०

पण रोमरची वाट म्हणजे सूर्यमालेचं अंगण. धागाकर्ते दीर्घिकांमधल्या पट्ट्याबद्दल विचारत आहेत. मासुंदा तलाव मोजून अरबी समुद्राची खोली सांगता येत नाही.

स्थिरचित्त | ११:४१

आइनस्टाइननं १९०५ मध्ये हा विषय संपवला आहे. वेग स्थिर आहे. रोज कुणीतरी उठून आइनस्टाइन चुकीचा ठरवतो. संपादकांनी असे धागे बंद करावेत असं माझं स्पष्ट मत.

अल्फा१३७ | १२:१५

स्थिरचित्त, तुमचा त्रागा समजतो, पण इतिहास वेगळा आहे. खुद्द आइनस्टाइननं १९११ च्या लेखात लिहिलं होतं की गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रात प्रकाशाचा वेग जागेप्रमाणे बदलतो. सूर्याजवळून जाणारा किरण किती वाकेल याचा आकडा त्यानं त्यावरून काढला, तो निम्मा आला. १९१५ मध्ये सिद्धान्त पूर्ण झाल्यावर दुप्पट म्हणजे १.७५ विकला मिळाला आणि १९१९ च्या खग्रास ग्रहणातली निरीक्षणं त्याच बाजूनं गेली.

आजही तुम्ही लांबून हिशोब मांडला तर सूर्याजवळ प्रकाश रेंगाळतो. अर्विन शापिरोनं १९६४ मध्ये सुचवलं की सूर्याच्या पलीकडच्या ग्रहावर रडारची लहर सोडा, परत यायला जास्त वेळ लागेल. लागला. उशीर सुमारे २०० मायक्रोसेकंदांचा. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाशी २००२ मध्ये रेडिओसंपर्क ठेवून हाच परिणाम तपासला, तो भाकिताशी लाखात दोन-तीन भाग इतका जुळला.

पण त्याच जागी, सूर्याजवळ, तुम्ही घड्याळ आणि पट्टी घेऊन उभे राहिलात तर तिथे तोच आकडा मिळेल: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. लांबून बघणाऱ्याला उशीर दिसतो, कारण तिथला काळ आणि तिथलं अंतर दोन्ही वाकलेलं आहे. म्हणून "वेग बदलतो का" याचं उत्तर देण्याआधी कुणाच्या घड्याळानं, हे विचारावं लागतं.

स्थिरचित्त | १२:२२

१९११ चं माहीत नव्हतं. धागा बंद करण्याची मागणी मागे घेतो. मत कायम आहे.

संहिता_पाठी | १२:५०

आपल्याकडे हा वेग चौदाव्या शतकात माहीत होता. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या पन्नासाव्या सूक्तावर सायणाचार्यांचं भाष्य आहे: "योजनानां सहस्रे द्वे द्वे शते द्वे च योजने, एकेन निमिषार्धेन क्रममाण". अर्ध्या निमिषात २२०२ योजनं. आकडेमोड करा, १,८६,००० मैलांच्या जवळ येतं.

नेरूळच्या_बाई | १:१८

हे वचन खरंच सायणभाष्यात आहे आणि सूर्याला उद्देशून आहे, हे आधी सांगते. पण आकडेमोडीत योजन नऊ मैलांचं धरलं तर ते उत्तर येतं. आपल्या ग्रंथांत योजन पाच मैलांपासून नऊ मैलांपर्यंत वेगवेगळं आहे. निमिषाचंही तसंच. पाच मैलांचं योजन घेतलं की उत्तर निम्म्याच्या आसपास येतं. उत्तर माहीत असताना त्याला जुळेल ते माप निवडणं हे मोजणं नव्हे. मी संस्कृतही शिकवलं आहे, त्या ओळीबद्दल मला प्रेम आहे, म्हणूनच हे लिहिते.

संहिता_पाठी | १:३०

बाई, योजनाचा मुद्दा मान्य. तरीही त्या काळी एवढ्या प्रचंड वेगाची कल्पना करणं मला थोर वाटतं.

नेरूळच्या_बाई | १:३३

मलाही.

काचतंतू | २:४५

ऐरोलीत राहतो, एकोणीस वर्षं फायबरची कामं करतो. योजनाची गोष्ट वाचून राहवलं नाही, आमच्याकडे हे आठवड्याला घडतं.

केबल तुटली की आम्ही ओटीडीआर लावतो. ते यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तुटलेल्या टोकावरून परत यायला किती वेळ लागला ते बघतं. स्क्रीनवर मीटर दिसतात, पण यंत्रानं मीटर मोजलेलेच नसतात. त्यानं फक्त वेळ मोजलेली असते. काचेचा इंडेक्स, म्हणजे पोकळीपेक्षा काचेत प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा, आपण भरायचा. साधारण १.४६८, म्हणजे काचेत वेग सेकंदाला २ लाख ४ हजार किलोमीटरच्या आसपास. त्यावरून ते अंतर दाखवतं.

सात-आठ वर्षांपूर्वी पाम बीचच्या बाजूला एक कट होता. रात्रीचा दीड वाजलेला, पाऊस. आधीच्या टीमनं यंत्रात १.४६ ठेवलं होतं, आमच्यातल्या कुणी बघितलं नाही. अठरा किलोमीटरवर तेवढ्या फरकानं शंभर मीटरची चूक होते. जेसीबीनं शंभर मीटर पुढे खणलं, केबल अखंड. परत मोजलं, तोच आकडा. पुन्हा मोजलं, तोच. यंत्र खोटं बोलत नव्हतं, आम्ही त्याला पट्टीच चुकीची दिली होती. पहाटे साडेचारला एका पोरानं सेटिंग बघितलं आणि मागे जाऊन खणलं तेव्हा सापडलं.

तर गच्चीवाले दादा, तुमची शंका मला एकदम पटली. तुम्ही इथल्या इंडेक्सनं विश्व मोजताय. वाटेत इंडेक्स बदलला असेल तर खड्डा भलतीकडे खणला जाणार. पण दुसरी बाजू पण सांगतो. आम्ही चूक पकडली ती कशानं? दुसऱ्या एखाद्या मापाशी ताडून: चेंबरचे नंबर, जॉइंटची नोंद. नुसता ओटीडीआर हजार वेळा लावला असता तरी तेच आलं असतं.

कोलशेतची_गच्ची | ३:१०

काचतंतू, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत. आता प्रश्न असा: विश्वाच्या बाबतीत आपल्याकडे 'चेंबरचे नंबर' कोणते?

पारसिकचा_डोंगर | ३:२५

त्याआधी एक अडचण. १९८३ पासून मीटरची व्याख्याच अशी आहे की प्रकाश पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितकं अंतर जातो तो एक मीटर. म्हणजे वेग आता मोजायचा आकडाच उरला नाही, तो ठरवलेला आहे. उद्या प्रकाश हळू झाला तर मीटरच लहान होईल आणि आकडा तोच राहील. काचतंतूंच्या यंत्रात इंडेक्स कुलूप लावून ठेवल्यासारखं.

मिसळ_जास्त_तिखट | ३:३१

म्हणजे बिल्डरांची जाहिरात शास्त्रीय आहे. "ठाणे स्टेशनपासून फक्त १५ मिनिटं." अंतर वेळेतच सांगायचं.

पारसिकचा_डोंगर | ३:३४

शास्त्रीय व्हायला वाहनाचा वेग ठरलेला हवा. तिथेच जाहिरात कोसळते.

पांडवकडा | ४:२०

मी गृहिणी, खारघरला असते. तुमची चर्चा वाचत वाचत आत्ता एक प्रयोग करून आले. मुलाला शाळेत सांगितला होता, तेव्हा राहून गेला होता.

मायक्रोवेव्हमधली फिरती काचेची थाळी काढून ठेवली, चाक पण काढलं. सपाट बशीवर उडदाचे तीन कच्चे पापड पाण्याचा हलका हात लावून, कडेला कड लावून ठेवले आणि चाळीस सेकंद चालवलं. पापड सगळीकडे भाजत नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी फुलतो. फुललेल्या जागांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं: ६.०, ६.३ आणि ६.२ सेंमी. सरासरी ६.१७. हे अर्ध्या लहरीचं अंतर, म्हणून पूर्ण लहर १२.३ सेंमी. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं आहे. गुणाकार केला तर सेकंदाला ३ लाख २ हजार किलोमीटर!

माझ्या ओट्यावर. मला खरंच भरून आलं.

नेरूळच्या_बाई | ४:२६

अगं, काय सुंदर! शंभरात एकापेक्षा कमी चूक. फिझोचा १८४९ चा आकडा ३ लाख १३ हजार होता, तुझा त्याच्याहून जवळ आला.

तरंग | ४:४०

उत्तमच. फक्त ओव्हनच्या आत लहरी तिन्ही दिशांनी आपटतात, त्यामुळे ठिपके दर वेळी इतके शहाण्यासारखे पडत नाहीत. पाच-सहा वेळा करून सरासरी काढा.

मिसळ_जास्त_तिखट | ४:४४

पाच-सहा वेळा करायला हरकत नाही. उरलेले पापड कुणाकडे पाठवणार?

वाशीचा_पूल | ४:५८

उडदाचा कशाला? नाचणीचा घ्या, ठिपके गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतील.

पांडवकडा | ५:०६

नाचणीचा जाड असतो, मधे कच्चा राहतो. पोह्याचा पातळ लाटलेला चांगला. आईनं पाठवलेले संपले, एप्रिलमध्ये नवीन येतील.

संहिता_पाठी | ५:१५

पोह्याच्या पापडाला पापडखार कमी आणि हिंग जास्त. एवढंच.

अल्फा१३७ | ६:३०

पापडांवरून परत आणतो, कारण गच्चीवाल्यांनी विचारलेला 'चेंबरच्या नंबरां'चा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पारसिकचा_डोंगर यांनी म्हटलं तसं, एकक असलेल्या आकड्याबद्दल "बदलला का" असं नुसतं विचारता येत नाही. वेग बदलला की पट्टी बदलली, हे वेगळं काढता येत नाही. पण निसर्गात काही आकडे असे आहेत की ज्यांना एककच नाही, मैलात मोजा नाहीतर योजनांत. त्यातला एक म्हणजे सूक्ष्म-संरचना स्थिरांक, आल्फा. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांच्या गुणाकार-भागाकारातून सगळी एककं कटून जातात आणि उरतो एक भागिले १३७.०३६. (माझं नाव तिथलंच.) हा आकडा दुसऱ्या दीर्घिकेत वेगळा निघाला, तर तिथे काहीतरी खरोखर वेगळं आहे हे कुणालाही मान्य करावं लागेल.

तो लांबून बघता येतो का? येतो. लांबच्या क्वेसारचा (फार दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा) प्रकाश वाटेतल्या वायूच्या ढगातून येतो, तेव्हा लोह, मॅग्नेशियम वगैरेंच्या काळ्या रेषा त्याच्या वर्णपटात उमटतात. विश्व प्रसरण पावतं म्हणून या सगळ्या रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या असतात (हेच रेडशिफ्ट), पण सगळ्या एकाच पटीनं. तानपुऱ्याच्या चारही तारा सारख्या उतरवल्या तर पट्टी खालची होते, सूर जुळलेलाच राहतो. आल्फा बदलला तर मात्र लोहाची रेषा जास्त हलेल, मॅग्नेशियमची कमी. एक तार उतरल्यासारखं, कानाला लगेच कळेल.

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन वेब यांच्या गटानं हवाईतल्या केक दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सांगितलं की तार किंचित उतरलेली वाटते, लाखात एखादा भाग. पुढे चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीची निरीक्षणं जोडल्यावर २०१०-११ मध्ये आणखी नवल: आकाशाच्या एका बाजूला आल्फा कमी, विरुद्ध बाजूला जास्त. म्हणजे, गच्चीवाले, तुमच्या लेकीचीच शंका. जागेप्रमाणे बदल. जगभर खळबळ झाली.

मग काचतंतूंच्या पहाटे साडेचारच्या पोरासारखं कुणीतरी सेटिंग बघितलं. तरंगलांबीची पट्टी जुळवण्यासाठी दुर्बिणीत थोरियम-अर्गॉनचा दिवा वापरतात. त्या जुळणीतच लांब पल्ल्याचा तिरकेपणा सापडला, आणि दिसलेला बदल त्यातून येऊ शकतो असं निघालं. त्यानंतर व्हीएलटीवर एस्प्रेसो नावाचं नवं उपकरण बसलं, त्याची जुळणी लेसरनं होते. त्यानं एका तेजस्वी क्वेसारच्या दिशेला दहा लाखांत एका भागाच्या आसपास अचूकतेनं पाहिलं. बदल दिसला नाही. एकाच दिशेचं मोजमाप आहे, पण जुन्या दाव्याचा जोर बराच गेला.

पट्टीचा_पोहणारा | ६:५५

तानपुऱ्याची उपमा डोक्यात बसली. वीस वर्षं लोकसत्ता वाचून रेडशिफ्ट कळलं नव्हतं, आज कळलं.

काचतंतू | ७:०२

तिकडेपण कॅलिब्रेशनच का! आमच्या पोरांना दाखवतो हा प्रतिसाद.

तरंग | ७:२०

अजून एक चेंबर नंबर, जमिनीखालचा. आफ्रिकेत गॅबनमध्ये ओक्लो इथे १९७२ मध्ये कळलं की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खाणीत नैसर्गिक अणुभट्टी आपोआप चालली होती. सापडलं कसं, तर युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२० टक्के असायला हवं तिथे ०.७१७ भरलं. इतक्या फरकावरून! त्या भट्टीत सॅमॅरियम-१४९ नं किती न्यूट्रॉन गिळले हे खडकात अजून वाचता येतं, आणि ते गिळणं आल्फाला फार नाजूकपणे बांधलेलं आहे. दोनशे कोटी वर्षांत आल्फा कोटीत एखाद-दोन भागांपलीकडे हललेला नाही असं त्यावरून निघतं. हे काळाबद्दल झालं. पण तेवढ्या काळात सूर्य आकाशगंगेभोवती आठ-नऊ फेऱ्या मारून आला, म्हणजे जागेबद्दलही काही सांगून जातं.

मी स्वतः नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो आहे, २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिथल्या एका तरुणानं स्पंदकाचा (ठरावीक ठोक्यानं रेडिओलहरी पाठवणाऱ्या ताऱ्याचा) आलेख दाखवला: एकाच ठोक्याचा वरच्या वारंवारतेचा भाग आधी येतो, खालच्या वारंवारतेचा मागून. डोळ्यांसमोर दिसतं की रेडिओलहरी ताऱ्यांमधल्या जागेत वेगवेगळ्या वेगानं येतात!

कोलशेतची_गच्ची | ७:३१

थांबा, म्हणजे माझं बरोबर? मधली जागा एकसारखी नाही?

तरंग | ७:४८

मधली *जागा* रिकामी नाही, असं म्हणा. सुटे इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत, अगदी विरळ. ते रेडिओलहरींना अडवतात, जेवढी वारंवारता कमी तेवढं जास्त. किती इलेक्ट्रॉन वाटेत होते हेच खगोलवाले त्या उशिरावरून काढतात. तुमचं पाणी-काचेचं उदाहरण तिथे तंतोतंत लागू आहे. पण ते माध्यमाचं झालं, पोकळीचं नाही. गॅमा किरणांवर या इलेक्ट्रॉनांचा परिणाम जवळपास शून्य असतो.

म्हणून गॅमा बघा. २००९ च्या मे महिन्यात फर्मी उपग्रहानं एक गॅमा-स्फोट टिपला, ७३० कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासाचा. त्यातला एक फोटॉन (प्रकाशाचा कण) बाकीच्यांपेक्षा लाखो पट ऊर्जेचा होता आणि तो सुरुवातीच्या झोतापाठोपाठ एका सेकंदाच्या आत आला. आणि १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले, तेव्हा गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण १३ कोटी प्रकाशवर्षं धावून १.७ सेकंदांच्या अंतरानं पोचले. ठाण्याहून एकाच वेळी निघालेल्या दोन लोकल सीएसएमटीला इतक्या एकत्र कधी पोचल्या आहेत?

कोलशेतची_गच्ची | ८:०५

लेक आता माझ्या खांद्यावरून वाचते आहे. तिचं म्हणणं: दोघी एकत्र पोचल्या म्हणजे दोघींचा वेग *सारखा* होता. पण मधे मुलुंडला दोघींनाही एकदमच सिग्नल लागला असेल तर? दोघी हळू झाल्या, दोघी एकत्र पोचल्या, आपल्याला कळलंच नाही.

तरंग | ८:१२

वा. हे उत्तर मला देता येत नाही, कारण ती बरोबर आहे. एकत्र पोचणं हे फक्त आपसातल्या फरकाबद्दल सांगतं.

अल्फा१३७ | ८:४०

तिथेच आल्फा कामाला येतो. दोन्ही लोकल हळू झाल्या, पण स्टेशनवरची घड्याळं, रुळांची लांबी, फलाटावरच्या माणसांच्या हृदयाचे ठोके तसेच राहिले, तर ढगातल्या रेषांमध्ये ते दिसेल, तार उतरलेली ऐकू येईल. आणि घड्याळं, रूळ, अणू, माणसं सगळंच त्याच प्रमाणात बदललं, तर "बदललं" या शब्दाला धरायला काही उरत नाही. लेकीला सांगा, मधल्या जागेत जाऊन कुणी पाहिलं नाही, पण मधल्या जागेतले अणू आपल्याला चिठ्ठ्या पाठवतात, आणि त्या चिठ्ठ्यांवर आल्फाचा शिक्का असतो. आत्तापर्यंत जेवढ्या चिठ्ठ्या नीट वाचल्या, त्यांवर शिक्का सारखाच निघाला.

काळाबरोबर बदल होतो का, यावर गंभीर लोकांनी गंभीर काम केलं आहे. जॉन मॉफॅटनं १९९३ मध्ये, अँड्रियास अल्ब्रेख्त आणि जुआओ मॅगेझो यांनी १९९९ मध्ये मांडलं की विश्वाच्या अगदी सुरुवातीला प्रकाश आजच्यापेक्षा पुष्कळ वेगवान असावा. सिद्ध झालेलं नाही. आपल्या जयंत नारळीकर सरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात कणाचं वस्तुमान बाकीच्या विश्वावरून ठरतं. प्रचलित मताला प्रश्न विचारणं वाईट नाही. विचारताना मोजता येईल असं काहीतरी सांगावं लागतं, आणि आठवीतल्या या मुलीनं आज तीनदा तेच केलं.

एकमार्गी | ९:१०

उशिरा आलो. एक मुद्दा राहिलाच. पृथ्वीवरची बहुतेक मापनं जाऊन-येऊन आहेत: आरसा ठेवायचा, प्रकाश परत येईपर्यंतची वेळ मोजायची. काचतंतूंचं यंत्रही तेच करतं. सकाळी कासारवडवलीहून माजिवड्याला पन्नास मिनिटं आणि परत जाताना वीस, तर आपण म्हणतो सरासरी पस्तीस. जातानाचा आणि येतानाचा वेग सारखा, हे १९०५ मध्ये आइनस्टाइननं *ठरवून घेतलं*, कारण लांबच्या दोन ठिकाणची घड्याळं जुळवायलाच तो प्रकाश लागतो.

नेरूळच्या_बाई | ९:२२

रोमरचं तर एकाच दिशेचं होतं ना? आयोकडून इकडे.

एकमार्गी | ९:३५

वाटतं तसं, बाई, मलाही बरीच वर्षं वाटत होतं. पण त्यात आपलं घड्याळ पृथ्वीबरोबर कक्षेत फिरतं आणि तरी समान चालतं हे धरलेलं आहे. दिशेप्रमाणे वेग बदलणारं विश्व मांडलं, तर त्यात फिरत्या घड्याळाची चालही नेमकी तेवढीच बदलावी लागते, आणि रोमरचं उत्तर जसंच्या तसं राहतं.

स्थिरचित्त | ९:४८

हे मला माहीत नव्हतं आणि मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे. आज झोप लागणार नाही. धागा चालू ठेवावा ही विनंती.

वाशीचा_पूल | १०:०५

माझ्याकडे दीडशे मिलिमीटरची दुर्बीण आहे, वाशीला घरी धूळ खाते. रोमरचं स्वतः करून बघायचं का? गुरूची प्रतियुती (पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य, बरोबर विरुद्ध बाजूला गुरू) १० जानेवारीला झाली. आता पृथ्वी गुरूपासून लांब जाते आहे, म्हणजे आयो सावलीतून *बाहेर येताना* दिसेल, गुरूच्या कडेपासून थोडा लांब एकदम उजळेल. ती वेळ टिपायची.

अल्फा१३७ | १०:२१

जरूर करा, मीही येतो. एक काळजी घ्या. पंचांगात किंवा ॲपमध्ये दिलेल्या ग्रहणाच्या वेळांत प्रकाशाचा उशीर आधीच धरलेला असतो, त्यांच्याशी ताडलं तर फरक शून्य येईल. स्वतः मोजा. आयोच्या दोन ग्रहणांत सरासरी ४२ तास २८ मिनिटं ३६ सेकंद असतात. पन्नास फेऱ्यांचे साडेअठ्ठ्याऐंशी दिवस. आता जानेवारीअखेर एक निरीक्षण घेतलं, तर पन्नासावी फेरी एप्रिलच्या उत्तरार्धात येते. तेव्हा आयो हिशोबापेक्षा नऊ मिनिटांच्या आसपास उशिरा दिसायला हवा. गुरू या वर्षी सूर्यापासून जवळपास सरासरी अंतरावर आहे, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या चालीची चूक एका मिनिटाच्या आतलीच. बरोबर पन्नासावी फेरी दिवसा आली तर आजूबाजूची रात्रीची घ्या.

पांडवकडा | १०:२८

एप्रिलमध्ये आईचे पोह्याचे पापडही येतील. मी येणार.

कोलशेतची_गच्ची | १०:५०

सोसायटीच्या सेक्रेटरींशी आत्ताच बोललो. गच्चीची किल्ली मिळेल, दहाच्या आत आवरा म्हणाले, पण लेकीनं त्यांना आयोची गोष्ट सांगितली तर साडेअकरापर्यंत तयार झाले. वाशीकर, दुर्बीण आणायला मी गाडी पाठवतो. बाई, तुम्ही नेरूळहून कशा येणार? ट्रान्स-हार्बरनं आलात तर ठाणे स्टेशनला घ्यायला येतो.

लेकीनं वही घातली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय: "आयो, फेरी क्रमांक १. घड्याळ कुणाचं?" आणि त्याखाली रिकामी जागा सोडली आहे.

नेरूळच्या_बाई | ११:०२

ट्रान्स-हार्बरनंच येईन. तारीख कळव. तिच्यासाठी माझं जुनं स्टॉपवॉच आणते, शाळेतलं, अजून चालतं.

काचतंतू | ११:०९

आणा बाई, पण आधी मोबाईलच्या वेळेशी जुळवून घेऊ.